फेलोशिपच्या याद्या आणि मामा तलाव

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका पूर्व विदर्भातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सहा वर्षांपासून तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात. वय ३३, प्रवर्ग ओबीसी, पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एक लहान मुलगी. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहेत, त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, थोडक्यात हुकली. राज्य विद्यापीठात पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू आहे. विषय भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी (गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातल्या) तलावांचा, म्हणजे तिकडे ज्यांना मामा तलाव म्हणतात त्यांचा इतिहास. रोज रात्री फेलोशिपच्या जाहिराती शोधतात, तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांत आहेत, तरी हाती काही लागलेलं नाही. 'निदान पाच लाख तरी लागतील' असा त्यांचा अंदाज आहे. मार्गदर्शक म्हणतात, 'आधी प्रबंध उरका, हे उद्योग नंतर.' एक गृहस्थ १८ हजार रुपयांत प्रस्ताव लिहून फेलोशिप मिळवून देण्याची हमी देत आहेत. त्या विचारतात : खात्रीच्या फेलोशिपची यादी कुठे मिळेल? विषय बदलून हवामानबदल किंवा एआयशी संबंधित काही घेऊ का? तासिका सोडल्या तर सहा वर्षांचा अनुभव वाया जाईल का?

यादी मागितलीत, ती पुढे ओघात येईलच. पण तुमच्या पत्रात मला यादीची उणीव दिसली नाही. तीन गट आणि फोनमध्ये साठवलेल्या जाहिराती मिळून तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त नावं असतील. नाहीये तो एकच कागद : कशासाठी, किती आणि केव्हा पैसे हवेत याचा. पाच लाखांचा आकडा तुम्ही एका ओळीत लिहिलात आणि पुढच्याच ओळीत एआयकडे वळलात.

त्या पाच लाखांत दोन वेगळे खर्च मिसळलेत. तासिका सोडल्या तर बुडणारं मानधन हा एक. दुसरा खुद्द संशोधनाचा : नागपूरच्या पुराभिलेखागारात महिनाभर बसायचं तर तिथली खोली आणि जेवण, नकलांचे पैसे, भोसलेकालीन मोडी कागद लिप्यंतर करून घेण्याचे पैसे, आडबाजूच्या गावांना एसटी नाही म्हणून गाडी करावी लागेल ती, ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्यांची जुनी इतिवृत्तं कॅमेऱ्यात घेतली तर ती साठवायला हार्ड डिस्क. पहिला खर्च दरमहाचा आहे आणि प्रबंध संपेपर्यंत चालणारा आहे. दुसरा एकेकदाचा आहे, आणि कागदावर मांडलात तर तो तुम्ही धरून चालला आहात त्यापेक्षा बराच कमी निघेल. पहिल्यासाठी फेलोशिप लागते. तिची स्पर्धा मोठी, नियम कडक, आणि अर्जापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत वर्ष सहज जातं. दुसऱ्यासाठी छोटं अनुदान पुरतं. ही दोन्ही एकाच जाहिरातीत सापडतील अशा आशेनं बघता, म्हणून प्रत्येक जाहिरात आपल्यासाठी नाही असं वाटतं.

तेव्हा आठवडाभर जाहिराती बघणं थांबवा आणि हिशेब मांडा. कोणत्या गावांतले तलाव घेणार, त्यांचे कागद कुठल्या कचेरीत आहेत, तिथे किती दिवस लागतील, दिवसाचा खर्च किती. मुलाखती कितीजणांच्या घेणार, त्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवून घेणार की स्वतः उतरवणार. निवड समित्यांवर मी बसले आहे, त्यामुळे एवढं सांगू शकते : अर्जदाराला काम कळलंय की नाही, हे अंदाजपत्रकाच्या पानावर जितकं दिसतं तितकं प्रस्तावाच्या भाषेत दिसत नाही. 'प्रवास : ५०,०००' असं लिहिणारा आणि गावं, अंतरं, फेऱ्या लिहून तोच आकडा काढणारा, यांच्यात समितीला निवड करायला फारसा वेळ लागत नाही.

आता दरमहाच्या पैशाचं. जेआरएफचं वय उलटलं असं तुम्ही गृहीत धरलंय. उलटलेलं नाही. मूळ मर्यादा ३० वर्षांची आहे, पण महिलांना आणि नॉन-क्रिमिलेअर ओबीसींना पाच वर्षांची सवलत मिळते. (दोन्ही सवलती जोडून दहा होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.) परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्राची. म्हणजे तुमच्या हातात अजून काही संधी आहेत, आणि एकदा थोडक्यात हुकलेल्या माणसाला पुन्हा बसण्यात लाज कसली? जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि त्यापुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. पीएचडीला आधीच नाव नोंदवलंय म्हणून जेआरएफ अडत नाही. शिवाय ओबीसींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची निवडही नेटच्या गुणांवरूनच होते. अर्ज भरताना प्रवर्गाचे आणि या योजनांचे रकाने घाईत सोडू नका. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपचंही असंच आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या दारातलीच. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एका वाक्यात येऊन जातो : 'तासिकेवाल्यांना मिळत नाही म्हणतात.' कोण म्हणतं? गटातलं कुणीतरी. ओबीसी, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या संशोधकांसाठी महाज्योती, अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासींसाठी पुण्याचीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, अशी राज्याची रचना आहे. जात तुम्ही लिहिलेली नाही. कुणबी असाल तर सारथीची जाहिरात बघावी लागेल. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिप विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जेआरएफच्या धर्तीवर आहेत. जाहिरातीत दोन ओळी आधी वाचायच्या : पीएचडीची नोंदणी कोणत्या तारखांच्या दरम्यान झालेली असावी, आणि नोंदणी पूर्णवेळ हवी का. बाकीची दहा पानं त्यानंतर. या संस्थांच्या फेलोशिपची संख्या, निकष आणि रखडलेले हप्ते यांवरून संशोधकांना आझाद मैदानापर्यंत जाऊन बसावं लागलंय, हेही तुम्हाला माहीत असेलच. तेव्हा अर्ज जरूर करा, पण पुढच्या महिन्यात पैसे येतील असा घरचा हिशेब बांधू नका.

तिसरा मार्ग दिल्लीचा. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, पीएचडी करणाऱ्यांना दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप देते : दरमहा २०,००० आणि वर्षाला २०,००० आकस्मिक खर्च. रक्कम जेआरएफपेक्षा कमी, पण नेटची गुणवत्ता यादी तिथे निर्णायक नसते, प्रस्ताव असतो. तुमचा विषय सामाजिक इतिहासात बसतो, तेव्हा तो तिथे परका नाही. भारतीय इतिहास संशोधन परिषद, आयसीएचआर, ही तर तुमच्या विषयाची घरचीच संस्था. तिचीही कनिष्ठ संशोधन फेलोशिप आहे. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. अर्ज मात्र दोन्हीकडे करता येतो.

या सगळ्यांची सामाईक अट पूर्णवेळ संशोधनाची आहे, आणि तिथेच तुमची खरी अडचण सुरू होते. तासिका सोडायचा धीर होत नाही असं तुम्ही लिहिलंय. मानधन किती तुटपुंजं, सुट्टीत कसं बंद पडतं आणि बिलं कशी सहा-सहा महिने फिरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते सोडायला तुम्ही घाबरत नाही. अनुभव वाया जाईल याला घाबरता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकांसाठीचा गुणतक्ता काढून बघा. त्यात पीएचडीला २५ गुण आहेत. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २, आणि एकूण जास्तीत जास्त १०. तासिका तत्त्वावरची वर्षं त्यात धरायची की नाही हा वेगळा वाद आहे, त्यात आत्ता शिरत नाही. धरली असं समजलं तरी पाच वर्षांतच मर्यादा संपते. तुमची सहा झाली. सातवं वर्ष शिकवून तक्त्यात एका गुणाचीही भर पडणार नाही. प्रबंध अडून राहिला तर मात्र २५ गुण अडून राहतात. नेटला ८ आणि जेआरएफसह नेटला १० आहेत, हेही जाता जाता.

याचा अर्थ उद्या राजीनामा द्या असा नाही. तासिकेची नेमणूक तशीही सत्राबरोबर संपते, तेव्हा फेलोशिप मंजूर झाली तर सत्र संपल्यावर रुजू व्हा, आणि त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवता येईल का ते पतीबरोबर बसून ठरवा. पहिला हप्ता उशिरा येतो असंच गृहीत धरा. तुमच्या पत्रात पतीचा उल्लेख फक्त नोकरीपुरता आहे. या निर्णयात त्यांचा वाटा केवढा, हे तुम्ही त्यांना विचारलंय का?

एकेकदाच्या खर्चाकडे मी जास्त उत्साहानं वळते, कारण इथे गर्दी कमी असते आणि तुमच्यासारख्यांचं काम इथेच अडलेलं असतं. जेआरएफ मिळाली तरी मानव्यविद्यांसाठी तिच्यातला आकस्मिक खर्च पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपयेच असतो. तेवढ्यात नागपूर, दिल्ली आणि गावं होणार नाहीत. आयसीएचआर अभिलेखागारांत आणि ग्रंथालयांत जाऊन काम करण्यासाठी अभ्यास-प्रवास अनुदान देते. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे; पीएचडीच्या संशोधकांना ग्रंथालयांत जाऊन साहित्य बघण्यासाठी विभागीय केंद्रांकडून छोटं अभ्यास अनुदान मिळतं, आणि अख्ख्या विदर्भातून तिथे किती अर्ज जात असतील, याबद्दल मला शंका आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या स्वतःच्या फेलोशिप आहेत, त्यांतली एक न्यायमूर्ती का. त्र्यं. तेलंगांच्या नावानं भारतविद्येसाठी आहे. तुमच्या कामाला ती चपखल बसणार नाही, पण शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखितं यांवर काम करणारे वाचक असतील तर त्यांनी बघावी. लोककला, तमाशा, दशावतार, भित्तिचित्रं असं काही करणाऱ्यांसाठी बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे. तिथे विद्यापीठाची नोंदणीही लागत नाही आणि प्रस्ताव भारतीय भाषेत, म्हणजे मराठीतही पाठवता येतो.

परदेशाबद्दल तुम्ही हळूच एक वाक्य टाकलंय, की ब्रिटिश लायब्ररीत मध्य प्रांताचे कागद आहेत. आहेत. आणि अशा थोड्या आठवड्यांच्या कामासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय संशोधकांना ब्रिटनला जायला मदत करतो. अमेरिकेत काम असेल त्यांच्यासाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप आहे, सहा ते नऊ महिन्यांची. तिला भारतातल्या विद्यापीठात पीएचडीची नोंदणी लागतेच, आणि अर्ज जवळजवळ वर्षभर आधी करावा लागतो. पण तुमच्या बाबतीत क्रम उलटा नको. ब्रिटिश अधिकारी रसेलचं १९०८ चं भंडारा जिल्हा गॅझेटिअर आणि जमीनमहसूल ठरवण्याचे जुने 'बंदोबस्त' अहवाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मग नागपूर. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोध. एवढं झाल्यावर लंडनला कोणता कागद बघायचाय हे फाईल क्रमांकासह सांगता येत असेल, तर तो अर्ज दमदार होतो. आत्ता केलात तर 'तिथे काहीतरी असेल' एवढंच लिहाल.

आता शोधायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. जाहिरातींकडून स्वतःकडे येऊ नका. तुमच्यासारखं काम ज्यांनी आधी केलंय त्यांच्याकडून पैसे देणाऱ्यांकडे जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. तलाव, सिंचनाचा इतिहास, जमीनमहसूल, मासेमार समाज असे विषय शोधून काढा आणि प्रत्येक प्रबंधाचा फक्त ऋणनिर्देश वाचा. आई-वडील, मार्गदर्शक आणि कुलगुरू यांच्या गर्दीत एखाद्या ओळीत कुठल्या परिषदेची फेलोशिप होती, कुठल्या संस्थेनं प्रवासाचे पैसे दिले, हे लिहिलेलं असतं. संशोधनलेखांच्या शेवटी किंवा पहिल्या तळटीपेतही ते सापडतं. मग त्या संस्थेनं गेल्या काही वर्षांत कुणाला, कोणत्या विषयासाठी पैसे दिले, तिची जाहिरात कोणत्या महिन्यात येते, हे बघा. अशी दहा नावांची यादी तुम्ही स्वतः केलीत तर ती गटांत फिरणाऱ्या दोनशे नावांच्या पीडीएफपेक्षा कामाची. त्या पीडीएफमध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप अजूनही असते, जी केंद्रानं २०२२ मध्येच बंद केली.

विषय बदलायचा का? नाही. तुमचा विषय विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीत (आरआरसी) मंजूर झालाय. शीर्षक बदलायचं तर पुन्हा सगळं चक्र फिरवावं लागेल. आणि ज्या विषयाचा मागमूस आपल्या वाचनात नाही तो जाहिरातीत दिसतो म्हणून घेतला, तर तज्ज्ञ परीक्षकाला पहिल्या पानावर कळतं. तुमचा प्रश्न वेगळा आहे : याच विषयाला किती बाजू आहेत हे तुम्ही अजून मोजलेलं नाही. तो पाण्याचा विषय आहे. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांचा, म्हणजे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा आहे. ढिवरांच्या उपजीविकेचा आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते प्रामुख्यानं गोंदिया-भंडाऱ्यात, याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानं. म्हणजे निसर्गसंवर्धनासाठी छोटी अनुदानं देणाऱ्या ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनसारख्या संस्थेलाही त्यातला एखादा तुकडा जवळचा वाटू शकतो. मात्र तिथे इतिहास सांगून भागणार नाही, संवर्धनाचं काय होणार ते सांगावं लागेल. तुमच्या मूळ कामातून ते सहज निघत असेल तरच जा, नाहीतर पक्षी मोजण्यात एक हंगाम जाईल आणि प्रबंध तिथेच राहील.

तुम्ही सोबत जोडलेला प्रस्ताव वाचला. शीर्षक आहे 'पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव : एक ऐतिहासिक व चिकित्सक अभ्यास'. मराठीत दरवर्षी किती चिकित्सक अभ्यास मंजूर होतात कोण जाणे! विद्यापीठाच्या नोंदीत राहू दे तेच, पण अनुदानाच्या अर्जात पहिल्या परिच्छेदातच प्रश्न येऊ द्या. तुमच्या चौथ्या पानावर तो दडलाय. वाजिब-उल-अर्जात (गावच्या रूढींची नोंद) आणि निस्तार पत्रकात (सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) गावकऱ्यांचे हक्क लिहिलेले होते. १९५० चा मध्य प्रदेशातला (हा भाग तेव्हा त्याच राज्यात होता) मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा १९५१ पासून लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मग पाणी केव्हा सोडायचं हे ठरवणारा माणूस बदलला का, गाळ काढणं कुणी थांबवलं, मासे कुणाचे झाले? हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पहिली तीन पानं सिंचनाच्या जागतिक महत्त्वावर आहेत, ती काढून टाका. त्या जागी कोणती कागदपत्रं बघितली, कोणती बघायची राहिलीत आणि ती बघितल्याशिवाय काय सांगता येत नाही, हे लिहा. सगळा अर्ज त्या शेवटच्या वाक्यावर उभा राहतो.

इंग्रजीची भीती मी समजू शकते. प्रबंध मराठीत आहे, अर्ज बहुतेक ठिकाणी इंग्रजीत किंवा हिंदीत. आधी मराठीतच लिहा, छोट्या वाक्यांत. मग भाषांतर करा आणि महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याला वाचायला द्या. यंत्राकडून कच्चं भाषांतर करून घ्यायला माझी हरकत नाही, पण 'निस्तार', 'मालगुजार', 'बोडी' या शब्दांचं ते काहीही करतं, आणि संदर्भ द्यायला सांगितलं तर नसलेली पुस्तकंही हजर करतं. परीक्षक तुमच्या क्षेत्रातलाच असतो.

मार्गदर्शकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चांगला अर्ज लिहायला महिना जातो आणि असे पाच अर्ज म्हणजे पाच महिने. म्हणून वर्षाला दोन-तीनच करा, पण पूर्ण ताकदीनं. त्यांच्या विरोधाचं एक कारण कदाचित हेही असेल की शेवटच्या दिवशी फॉर्म घेऊन दारात उभे राहणारे विद्यार्थी त्यांनी खूप पाहिलेत. बहुतेक अर्ज संस्थेमार्फत पाठवावे लागतात : मार्गदर्शक, विभागप्रमुख किंवा संशोधन केंद्राचे प्राचार्य, कधी कुलसचिव. जाहिरातीची मुदत तीन-चार आठवड्यांची आणि त्यातले दहा दिवस सह्यांत. तेव्हा नोंदणीपत्र, आरआरसीचं मान्यतापत्र, कोर्सवर्कचं प्रमाणपत्र, मार्गदर्शकांच्या मान्यतेचं पत्र, जात वैधता आणि चालू वर्षात ग्राह्य असलेलं नॉन-क्रिमिलेअर, आधारशी जोडलेलं बँक खातं, हे सगळं एका फाईलमध्ये आत्ताच ठेवा. मार्गदर्शकांकडे जाताना 'सर, फेलोशिप बघू का?' असं विचारू नका. हिशेबाचं पान आणि दोन पानांचा प्रस्ताव समोर ठेवा, शिफारसपत्रात कोणते मुद्दे यावेत ते लिहून न्या आणि तारीख सांगा. एवढं करूनही ते नाहीच म्हणाले, तर शिफारस एमएच्या प्राध्यापकांकडून किंवा त्या विषयातल्या दुसऱ्या अभ्यासकाकडूनही घेता येते. संस्थेची सही मात्र टाळता येत नाही, म्हणून संबंध बिघडवू नका.

विज्ञान शाखेतले वाचक विचारतील, आमचं काय. थोडक्यात सांगते. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचं (एसईआरबी) काम आता २०२३ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे, एएनआरएफकडे, आलंय. नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी पंतप्रधानांच्या नावाचं अर्ली करिअर अनुदान, पीएचडीनंतर राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, आणि राज्य विद्यापीठांतल्या-महाविद्यालयांतल्या नियमित प्राध्यापकांना आयआयटी, आयसरसारख्या ठिकाणी जाऊन काम करू देणारी 'टेअर' योजना, ही तीन नावं आधी बघा. तिथे यंत्रसामग्रीचा, प्रवासाचा आणि मनुष्यबळाचा रकाना वेगळा असतो, आणि एका रकान्यातले पैसे दुसऱ्यात परवानगीशिवाय जात नाहीत. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो, मग प्रयोग कितीही चांगला चालू असो. लेखा विभागातल्या माणसाशी प्रकल्प मंजूर होण्याआधीच ओळख करून घ्या.

नकार येतील. आले की संस्थेला नम्रपणे लिहून परीक्षकांचं मत मागा; काही ठिकाणाहून उत्तर येत नाही, काही ठिकाणाहून दोन ओळी येतात आणि त्या फार कामाच्या असतात. तोच प्रस्ताव दुसरीकडे पाठवताना मात्र नुसतं संस्थेचं नाव बदलू नका. 'आयसीएसएसआरच्या उद्दिष्टांशी सुसंगत' हे वाक्य आयसीएचआरच्या अर्जात मी स्वतः वाचलंय.

राहिले ते १८ हजारवाले गृहस्थ. परीक्षेचं किंवा अर्जाचं शुल्क असतं तिथे ते संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचं असतं. हमी मात्र निवड समितीतला माणूससुद्धा देऊ शकत नाही, कारण तो एकटा नसतो. शिवाय त्यांना प्रस्ताव द्यायचा म्हणजे तुमचा वाजिब-उल-अर्जाचा प्रश्न अनोळखी माणसाच्या फोनमध्ये ठेवायचा. त्या १८ हजारांत नागपुरात साधी खोली घेऊन पुराभिलेखागारात काही आठवडे बसता येईल, आणि तिथून याल तेव्हा अंदाजपत्रकातले निम्मे आकडे आपोआप भरलेले असतील. जाण्याआधी कार्यालयाला लिहून प्रवेशासाठी काय कागद लागतात ते विचारा. मार्गदर्शकांचं पत्र बहुधा लागेलच. बाकीच्या सह्यांबरोबर त्याच दिवशी घ्या, आणि परतीच्या वाटेवर महाज्योतीच्या कार्यालयात जाऊन तासिकेबद्दलचा तो प्रश्न समोरासमोर विचारून या.